बेचक्यात विणलेली आजी

चतुर्थीला गणपतीवरची माटवी बघत वाढलेल्या मालवणी पोरांना काठीला काय काय बांधता येतं, हे शिकवावं लागत नाही. कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडं... मग हॉस्टेलच्या भिंतीसाठी वॉल हँगिंग विकत कशाला?

पाऊस सरताना चिवला किनाऱ्यावर लाटांनी टाकलेल्या काठ्या मिळतात. गलोलीसारखं बेचकं मिळालं तर बेस्टच. (खारफुटी तोडायची नाही हं, तिला कायद्याचं संरक्षण आहे.) काठी गोड्या पाण्यात भिजवून उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर मिठामुळे ओल धरते. बेचक्याच्या दोन्ही फांद्यांवर खाचा पाडून सुतळी ताणून बांधा. मग जुन्या कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या एका दोऱ्यावरून, पुढच्याखालून. परतताना उलट.

कापड मात्र विचारून फाडा. मी आजीचं लुगडं न विचारता फाडलं. तिने ते वाकळीसाठी राखलेलं. दोन दिवस अबोला! तिसऱ्या दिवशी माझं काम बघून राहवलं नाही. कडा आत ओढल्या गेलेल्या.

"घट्ट ओढू नको गो, आकसता मां!"

अर्ध्या ओळी तिने उसवल्या. उरलेल्या पट्ट्या वाकळीत गेल्या.