तमक श्वासात नित्य दिली जाणारी आधुनिक औषधे : गुण, दोष व संयोग

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील तमक श्वासाचा रुग्ण बहुधा एकाच चिकित्सापद्धतीचा नसतो. सरकारी रुग्णालयातून मिळालेला पंप, बाजाराच्या दिवशी दुकानातून आणलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या आणि आपण दिलेले सितोपलादी चूर्ण ही तिन्ही त्याच्या पिशवीत एकत्र नांदत असतात. म्हणून आधुनिक औषधांचे गुणदोष जाणणे हे आपल्यापुरते तरी ऐच्छिक ज्ञान राहिलेले नाही.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमक श्वास याप्य मानला असून नवोत्पन्न असता साध्य म्हटले आहे. आधुनिक मतही याहून फार दूर नाही. वेग शमला तरी श्वासनलिकांच्या अंतःस्तरातील शोथ टिकून राहतो आणि निमित्त मिळताच पुन्हा वेग येतो. आपल्याकडे निमित्तांना तोटा नाही. फाल्गुन-चैत्रात राब भाजण्याचा धूर, वीटभट्ट्यांवरील मजुरी, दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी, पुढे गिरणीतील तूस-कोंडा आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी. बारा महिन्यांतील क्वचितच एखादा महिना निर्वेध जातो. म्हणूनच वेगावस्थेतील औषध वेगळे आणि अवेगावस्थेत नित्य घ्यावयाचे औषध वेगळे, हा भेद रुग्णास प्रथम समजावून द्यावा लागतो. सॅल्ब्युटामॉल तात्काळ नलिका विस्फारते, परंतु शोथाला हात लावत नाही. केवळ त्याच्याच भरवशावर दमा सांभाळणे धोक्याचे आहे, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट म्हटले आहे. वर्षाकाठी तीन वा अधिक पंप संपवणाऱ्या रुग्णास तीव्र वेगाचा धोका वाढतो, दरमहा एक संपवणाऱ्यास मृत्यूचाही.

नित्य औषधांत अग्रस्थान श्वासमार्गे घ्यावयाच्या स्टेरॉइडचे आहे : बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' हे समज गावोगाव आहेत, आणि खेदाने नमूद करावे लागते की ते पसरविण्यात काही वैद्यांचाही हातभार असतो. येथे मात्रेचे गणित पाहावे. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडची प्रौढांसाठीची अल्प मात्रा दिवसास २०० ते ४०० मायक्रोग्रॅम. दोन्ही द्रव्ये वेगळी असल्याने तुलना काटेकोर नव्हे, पण अंतर किती आहे ते लक्षात यावे. सॅल्ब्युटामॉलचेही तसेच : ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे चाळीस झोत. गोळीने हात कापतात, छातीत धडधडते, याचे कारण एवढेच.

श्वासमार्गे घेतलेल्या स्टेरॉइडचे दोष मुख्यतः मुखकंठगत आहेत : स्वरभेद व मुखात पांढरी बुरशी. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने गुळण्या करून थुंकल्यास हे बरेच टळते. आपल्या रुग्णास कवलधारण नवे नाही. उच्च मात्रा वर्षानुवर्षे चालल्यास मोतीबिंदू, अस्थिक्षय व अधिवृक्क ग्रंथीचे मांद्य संभवते, म्हणून दमा आटोक्यात आल्यावर मात्रा उतरवीत न्यावयाची असते. मुलांच्या उंचीचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. अमेरिकेतील दीर्घ अभ्यासात बालपणी बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी सुमारे १.२ सेंटिमीटरने कमी आढळली. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अनियंत्रित दम्यात रात्र-रात्र बसून काढणाऱ्या मुलाचे नुकसान याहून पुष्कळ मोठे, असे आमचे मत आहे.

दीर्घकाळ नलिका विस्फारणारी सॅल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल ही द्रव्ये दम्यात एकटी कधीही देऊ नयेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सॅल्मेटेरॉल गटात दम्याने तेरा मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात तीन. स्टेरॉइडबरोबर एकाच उपकरणात दिली असता मात्र हा धोका वाढत नाही, असे नंतरच्या चाचण्यांत दिसले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जोड औषधांवरील चौकटीतील इशारा काढून टाकला.

मॉन्टेलुकास्ट ही गोळी असल्याने लोकप्रिय आहे. दम्यात ती श्वासमार्गे घेतलेल्या स्टेरॉइडइतकी प्रभावी नाही. शिवाय भयस्वप्ने, चिडचिड, औदासीन्य, क्वचित आत्मघाताचे विचार यांमुळे मार्च २०२० मध्ये अमेरिकेत तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापण्यात आला. आपल्याकडे लेव्होसेटिरिझिनसह तिची जोडगोळी साध्या शिंकांसाठीही काउंटरवरून दिली जाते. औषधविक्रेते बंधूंनी येथे हात आखडावा. मूल रात्री दचकून उठू लागले तर 'कोणाची नजर लागली का' याआधी 'कोणती गोळी चालू आहे' हे विचारावे.

थिओफायलीन हे जुने व स्वस्त औषध, आणि आम्हा वैद्यांशी त्याचा संबंध सर्वांत निकटचा. त्याची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. मळमळ, उलटी, निद्रानाश, हृद्द्रवता ही पूर्वसूचना होय. पुढे आक्षेपकही येऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन वा एरिथ्रोमायसिन सोबत आल्यास त्याची रक्तातील पातळी वाढते, रिफाम्पिसिनने घटते. विडीच्या धुरानेही ती घटते. म्हणजे आपल्या सांगण्यावरून रुग्णाने विडी सोडली तर तीच मात्रा अधिक ठरू शकते! आणि पिप्पली? तिच्यातील पायपरीनमुळे थिओफायलीनचे शोषण वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. सितोपलादी, तालीसादी, त्रिकटू या सर्वांत पिप्पली आहे. योगवाही द्रव्य परक्या औषधाचाही योग वाहते, हे विसरून चालणार नाही. अशा रुग्णात आम्ही त्रिकटूप्रधान कल्प टाळून वासा, कंटकारी, भारंगी यांवर भर देतो. वत्सनाभयुक्त श्वासकुठारही थिओफायलीनसोबत देत नाही, कारण दोहोंचा रोख हृदयाच्या गतीवर आहे.

यष्टीमधूचेही असेच. ती प्रेडनिसोलोनचा परिणाम लांबविते व शरीरातील पोटॅशियम घटविते. स्टेरॉइड आणि सॅल्ब्युटामॉलही तेच करतात. तिन्ही एकत्र चालू असता पायांत गोळे, दौर्बल्य व शोफ यांकडे लक्ष ठेवावे. कनकासवात धत्तूर आहे, म्हणून टायोट्रोपियम घेणाऱ्या, काचबिंदू वा मूत्रकृच्छ्र असलेल्या वृद्धास तो देताना दहादा विचार करावा.

आता मुखावाटे घेतलेल्या स्टेरॉइडविषयी. प्रेडनिसोलोन तीव्र वेगात पाच-सात दिवस देणे प्राणरक्षक आहे. परंतु तेच वा डेक्सामेथासोन महिनोन्‌महिने घेणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत : चंद्रासारखा गोल चेहरा, कातडीवर निळे डाग, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे. ज्या वस्त्यांत राजयक्ष्मा आहे तेथे सुप्त क्षय जागा होण्याची भीती वेगळीच. या गोळ्या शेड्यूल एच मध्ये आहेत. 'जडीबुटीची पुडी' घेऊन दोन दिवसांत भूक वाढली, अंग भरले, दमा पार पळाला, असे रुग्ण सांगू लागला की त्या पुडीत काय आहे याची शंका घ्यावी. अशी भेसळ आयुर्वेदाच्या नावावर खपते आणि त्याचा ठपका आपल्या शास्त्रावर येतो.

येथे एक सूचना विशेष महत्त्वाची. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड पोटात गेलेल्या रुग्णास 'आजपासून सर्व बंद, फक्त आयुर्वेद' असे सांगू नये. अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेली असते; औषध एकदम तोडल्यास वमन, रक्तदाब उतरणे, मूर्च्छा व मृत्यूही संभवतो. मात्रा क्रमाने उतरवावी, तीही फुप्फुसतज्ज्ञांच्या सल्ल्याने. वमन-विरेचनादी शोधनाचा विचार त्यानंतर.

औषधविक्रेत्यांकडून आमची माफक अपेक्षा आहे. उपकरण देताना ते वापरून दाखवावे. श्वासमार्गे ओढावयाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते, हे अनेक ठिकाणी घडते. स्पेसर परवडत नसेल तर ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडास पंपाच्या मुखाच्या मापाचे छिद्र पाडून तो घट्ट बसवावा. अशी बाटली मुलांत उपयोगी पडते, हे दक्षिण आफ्रिकेतील १९९९ च्या अभ्यासात दिसले आहे. रुग्णास सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील वा ग्लानी येत असेल तर डोळखांब वा धसईसारख्या ठिकाणी चूर्ण-काढ्याची वेळ राहिलेली नसते. १०८ क्रमांकास कळवावे, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून सॅल्ब्युटामॉलचे चार ते दहा झोत दर वीस मिनिटांनी, पहिल्या तासापर्यंत, द्यावेत.