वंशावळीचे पेपर आणि वंशातले आजार

पाळीव कुत्रीची वीण घ्यावी की नाही, हा निर्णय आपल्या शहरांत बहुधा जुळवाजुळवीच्या पातळीवरच होतो. कुत्री माजावर आली, त्याच जातीचा देखणा नर ओळखीत सापडला, दोघांचेही ‘पेपर’ असले आणि नराच्या मालकाला फीऐवजी मनपसंत पिल्लू द्यायचे ठरले, की ‘मेटिंग’ पक्के मानले जाते. परंतु लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन, पग अशा लोकप्रिय जातींमध्ये काही आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेले आहेत, आणि ज्या वयात वीण घेतली जाते त्या वयात त्यांपैकी अनेकांचे एकही लक्षण दिसत नाही. त्यामुळे ‘आमची कुत्री ठणठणीत आहे’ हे विधान शंभर टक्के खरे असले तरी पिल्लांच्या वाट्याला काय येईल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

या उत्तराचे मूळ गणित विदर्भातील वाचकाला मात्र परके नाही, कारण सिकलसेलमुळे ‘वाहक’ आणि ‘ग्रस्त’ हे शब्द येथील गावोगावी पोहोचले आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत दोष असेल तरच जो आजार प्रकट होतो त्याला अप्रभावी आजार म्हणतात, आणि ज्याच्याकडे दोषाची एकच प्रत असते तो वाहक स्वतः निरोगी राहूनही ती पुढच्या पिढीला देऊ शकतो. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल आणि पूडल या जातींत आढळणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास याच नियमाने चालतो. ‘पीआरसीडी’ नावाच्या जनुकातील बदलामुळे डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, कुत्र्याला आधी अंधारात दिसेनासे होते आणि कालांतराने पूर्ण अंधत्व येते. पण लॅब्रॅडॉरमध्ये हे बहुधा मध्यम वयात लक्षात येत असल्याने, तोवर त्या कुत्र्याची पिल्ले आणि क्वचित पिल्लांचीही पिल्ले झालेली असतात.

दोन वाहकांची वीण घेतली, तर प्रत्येक पिल्लू ग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची दोनात एक आणि पूर्णपणे दोषमुक्त निघण्याची चारात एक असते. आठ पिल्लांच्या एका वेतात सरासरीने दोन ग्रस्त येतात. प्रत्यक्षात चार येतील किंवा एकही येणार नाही, आणि म्हणूनच ‘मागच्या वेळची सगळी पिल्ले चांगली निघाली’ हा पुरावा होऊ शकत नाही. याउलट वाहकाची जोडी दोषमुक्त जोडीदाराशी जमवली, तर एकही पिल्लू ग्रस्त होत नाही, फक्त त्यांतील साधारण निम्मी वाहक असतात. हा फरक ओळखण्यासाठी गालाच्या आतून घेतलेला फाया किंवा थोडे रक्त पुरते, आणि तो नमुना प्रयोगशाळेत पाठवून कुत्रा दोषमुक्त, वाहक की ग्रस्त हे वीण घेण्याआधीच कळू शकते. ‘ताशा’ नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच २००५ साली प्रसिद्ध झाल्यानंतर अशा तपासण्यांची संख्या झपाट्याने वाढली. सिकलसेलशी असलेले साम्य मात्र येथेच संपते, कारण माणसांत माहिती मिळाल्यावरचा निर्णय त्या जोडप्याच्या संमतीचा असतो, तर कुत्र्यांच्या बाबतीत तो सर्वस्वी मालकाचा असतो आणि त्याचे परिणाम भोगणाऱ्याला त्यात कसलाच वाव नसतो.

वाहक सापडला की त्याला वंशातून कायमचे बाद करावे, असे वरकरणी वाटते. परंतु बसेंजी या आफ्रिकी जातीचा इतिहास त्याबाबत सावध करतो. या जातीत रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करणारा एक आनुवंशिक पंडुरोग आढळला, तेव्हा तपासणी करून वाहकांना विणीतून सरसकट वगळण्यात आले. तो आजार जवळजवळ नाहीसा झाला, पण आधीच लहान असलेला जनुकांचा साठा आणखी आक्रसला आणि मूत्रपिंडाचा फॅन्कोनी नावाचा विकार ठळकपणे पुढे आला. अखेरीस १९९० साली अमेरिकन केनेल क्लबला आफ्रिकेतून आणलेल्या नव्या कुत्र्यांसाठी नोंदवही उघडावी लागली. एरवी उत्तम असलेला वाहक दोषमुक्त जोडीदाराशी जोडावा आणि पुढच्या पिढीतून तपासणीअंती दोषमुक्त पिल्ले निवडावीत, हा मार्ग त्यामुळे अधिक शहाणपणाचा ठरतो.

हे गणित सर्वच आजारांना लागू पडत नाही, आणि खुब्याचा आजार हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९३५ साली कुत्र्यांमध्ये प्रथम वर्णिलेला हा विकार, ज्याला ‘हिप डिस्प्लेसिया’ म्हणतात, अनेक जनुके आणि संगोपन यांच्या एकत्रित परिणामातून होतो, त्यामुळे त्याची ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणारी एकच जनुकीय तपासणी नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही, सांधा सैल राहतो, झिजतो आणि कालांतराने संधिवात होतो. उठताना मागचे पाय ओढणे, जिना टाळणे किंवा पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकणे ही त्याची लक्षणे होत. निदानासाठी कुत्र्याला गुंगी देऊन उताणे झोपवतात, मागचे पाय सरळ व समांतर ताणून गुडघे किंचित आत वळवतात आणि एक्स-रे काढून माथ्याचा किती भाग खोबणीने झाकला आहे ते पाहतात. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स’ ही संस्था अंतिम श्रेणी २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते, यावरून पहिल्याच माजाला वीण घेण्याची घाई किती अनाठायी आहे हे लक्षात येते.

संगोपनाचा वाटा किती मोठा असतो, हे ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या आयुष्यभर चाललेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिले. त्यात एकाच वेतातील भावंडांच्या जोड्या लावून त्यांतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी आहार दिला गेला. कमी आहारावरील कुत्र्यांना खुब्याचा संधिवात कमी प्रमाणात आणि उशिरा झाला, आणि त्यांचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. याचा अर्थ असा, की बेताने वाढवलेल्या सडपातळ कुत्रीत दोष झाकलेला राहू शकतो आणि तोच दोष लाडाने गुटगुटीत झालेल्या तिच्या पिल्लांत उघडा पडू शकतो. म्हणून खुब्याच्या बाबतीत एका कुत्रीचा एक्स-रे पुरेसा नसतो. तिचे आईवडील, भावंडे आणि आधीची पिल्ले यांची स्थितीही विचारात घ्यावी लागते.

तिसऱ्या प्रकारचा दोष शोधावा लागत नाही, कारण तो चेहऱ्यावरच असतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत कवटी आखूड झाली, पण आतील मऊ भाग त्या प्रमाणात घटले नाहीत, त्यामुळे अरुंद नाकपुड्या आणि लांब टाळू श्वासमार्ग अडवतात. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या नागपुरात धाप अपुरी पडणे हे जिवावर बेतणारे असते. ब्रिटनमध्ये केनेल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठाने २०१९ पासून राबवलेल्या पद्धतीत अशा कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवून, त्याआधी व नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात, आणि तिसऱ्या श्रेणीच्या कुत्र्याची वीण घेऊ नये असा सल्ला देतात. त्याचे घोरणे गोंडस वाटले, तरी तो आजाराचा आवाज असू शकतो.

भारतात २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रीसाठी वीण घेणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी किमान १८ महिन्यांची असावी, वर्षाला एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेऊ नयेत, आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, अशी बंधने त्यांत आहेत. पशुवैद्याच्या आरोग्यप्रमाणपत्राची अटही आहे. तथापि सर्वसाधारण सुदृढतेचा दाखला म्हणजे आनुवंशिक दोष नसल्याचा दाखला नव्हे, आणि केनेल क्लबचे पेपर तर केवळ वंशावळीची साक्ष देतात. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. तज्ज्ञ सल्ला घेण्यासाठी येथील मालकाला दूर जावे लागत नाही.

‘कुत्रीला एकदा तरी पिल्ले झालीच पाहिजेत, नाहीतर ती आजारी पडते’ हा समज अनेक घरांत निर्णायक ठरतो, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. गर्भाशयात पू होण्याचा धोका एका बाळंतपणाने टळत नाही, तो नसबंदीच्या शस्त्रक्रियेने टळतो. हा समज बाजूला ठेवला, की निर्णयाचा क्रम स्पष्ट होतो. त्या जातीत कोणते आजार उतरतात, त्यांपैकी कोणत्यांची तपासणी उपलब्ध आहे, दोन्ही जोडीदारांची ती झाली आहे का, नातलग कुत्र्यांचे काय झाले, आणि एखादे पिल्लू आजारी निघाल्यास ते परत घेऊन आयुष्यभर सांभाळण्याची तयारी आहे का, या पाच प्रश्नांची उत्तरे हाती असतील तरच वीण घ्यावी. कुत्रा स्वतः ग्रस्त असेल, किंवा दोषाची शंका असून तपासणी करायची तयारी नसेल, तर वीण घेऊ नये. न झालेल्या पिल्लाचे त्यात काहीही नुकसान होत नाही, आणि घरातील कुत्रीचे मोल पिल्ले न झाल्याने तिळभरही कमी होत नाही.