ठरवून बंद की अचानक बंद?

पुणेकरांना महानगरपालिकेचे एक निवेदन तोंडपाठ आहे : गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. आपण कुरकुरतो, पण आदल्या रात्री भांडी भरून ठेवतो. संगणकातील माहितीच्या साठ्याचेही असेच आहे.

बँक, पतपेढी, रुग्णालय, शाळा यांच्या नोंदी ज्या प्रणालीत साठविलेल्या असतात, तिला डेटाबेस म्हणतात. तिच्यात दोष आढळला की निर्माती कंपनी दुरुस्ती, म्हणजेच अपडेट, प्रसिद्ध करते. ती बसविताना बहुधा प्रणाली काही काळ बंद ठेवावी लागते. 'व्यवहार थांबतील' या भीतीने अनेक संस्था ते काम पुढे ढकलतात. मात्र दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोष नेमका कोठे होता हे चोरालाही कळते, याचा विसर पडतो.

मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०००' या डेटाबेसमधील एका दोषावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्ये उपलब्ध झाली होती. सहा महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ रोजी, 'स्लॅमर' नावाचा उपद्रवी प्रोग्राम त्याच दोषातून शिरला. दुरुस्ती न बसविलेले हजारो संगणक दहा मिनिटांत बाधित झाले. अमेरिकेत एकाच बँकेच्या सुमारे १३,००० एटीएम यंत्रांपैकी बहुतेकांवरील व्यवहार ठप्प झाले. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'मुळे आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले. त्या विषाणूने वापरलेल्या एका दोषावरील दुरुस्तीही मार्चमध्येच निघाली होती.

मग प्रत्येक अपडेट आल्याबरोबर बसवावे काय? तसेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून हिशेब मांडावा. समजा, एखादी पतपेढी दर तिमाहीस दोन तास प्रणाली बंद ठेवते. वर्षाला आठ तास झाले. दुरुस्ती टाळल्यास वर्षभरात हल्ल्याची शक्यता वीसात एक आणि हल्ला झाल्यास दहा दिवस बंद, असे धरू. २४० तासांचा विसावा भाग बारा तास होतो. शिवाय ते आठ तास मध्यरात्रीचे असतात, हे बारा तास ऐन कामाच्या वेळचेही असू शकतात. नष्ट झालेल्या नोंदींची किंमत निराळीच.

उपाय कठीण नाहीत. प्रथम नोंदींची प्रत काढून ती उघडते की नाही ते पाहावे. अपडेट आधी चाचणीच्या संगणकावर बसवावे. काही बिघडल्यास मागे फिरण्याची वाट ठरवून ठेवावी. ग्राहकांना वेळ आगाऊ कळवावी.

हिंजवडी-खराडीत शनिवारची रात्र या कामात घालवून रविवारी मिस्साला येणारे तरुण आपल्या धर्मग्रामांतही असतील. त्यांच्या जागरणामुळेच सोमवारी आपले पासबुक बिनचूक भरले जाते. संस्थांच्या संचालक मंडळांवर असलेल्या वाचकांना आमची एवढीच विनंती आहे : पुढील सभेत 'शेवटची दुरुस्ती केव्हा बसविली?' हा प्रश्न अवश्य विचारा.