द्राक्षाच्या पेटीतला मुकुट

धूलिवंदनाला नाशकात रंग खेळत नाहीत. तो रंगपंचमीसाठी, रहाडींसाठी म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांसाठी राखून ठेवतात. धूलिवंदनाला मान वीरांचा, म्हणजे पूर्वजांचा. देवघरातले टाक वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात, दाजीबा वीरांची मिरवणूक निघते आणि लहान मुलं राम, कृष्ण, शंकर, मारुती बनून रामकुंडाकडे चालू लागतात. आधीचे काही दिवस बाजारात तयार मुकुट, गदा, धनुष्यबाण टांगलेले असतात, बहुतेक प्लास्टिकचेच. आमच्याकडे मात्र याच दिवसांत माळ्यावरची खोकी खाली येतात. द्राक्षांचा हंगाम असल्यामुळे पुठ्ठ्याच्या पेट्यांना तोटा नसतो. त्यांत टूथपेस्टची, साबणाची, औषधांची खोकी आणि ज्यूसचे धुऊन वाळवलेले टेट्रापॅक यांची भर पडते.

कामाची खरी मेख पुठ्ठ्याच्या पोटात आहे. पेटीचा पुठ्ठा तीन थरांचा: वर-खाली सपाट कागद आणि मधे पन्हळी कागद. पन्हळीच्या रेषेवर तो सहज वाकतो, रेषेला आडवा वाकवायला गेलं की चुरगळतो. म्हणून मुकुटाच्या पट्टीत पन्हळी उभ्या हव्यात, म्हणजे पट्टी डोक्याभोवती गोल फिरते. तलवारीच्या पात्यात त्या लांबीच्या दिशेने हव्यात, नाहीतर पातं पहिल्याच वाराला मधे दुमडतं. ढालीला दोन चकत्या एकीच्या पन्हळी उभ्या, दुसरीच्या आडव्या ठेवून चिकटवायच्या. मग ती मोठ्या माणसालाही सहजी वाकवता येत नाही. मुलांना हे समजावून सांगत बसावं लागत नाही. हातात एक तुकडा दिला आणि दोन्ही बाजूंनी वाकवून पाहायला लावलं, की पुढच्या वेळी कापायला देण्याआधी ती आपणहून पन्हळी बघतात.

गदेसाठी फॉइलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्यायची. तिच्या टोकाला वर्तमानपत्राचा घट्ट बोळा दोऱ्याने बांधायचा आणि त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावायच्या. खळ मैद्याची, घरीच शिजवलेली. पूर्वी बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, त्यामुळे मुलांच्या वस्तूंत अजिबात नको. प्रत्येक थर उन्हात खणखणीत वाळल्यावरच पुढचा लावायचा. घाई केली की आतला ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा या लोकनाट्यात नाचणाऱ्या सोंगांचे मुखवटेही कागदाच्या लगद्याचे करतात. तिथेही घाई चालत नाही.

"काकू, माझी गदा पाण्यात नेली तर विरघळेल का?" शेजारच्या छोट्या मारुतीने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. जायचं गोदावरीवर, म्हणजे पाणी उडणारच. उत्तर टेट्रापॅकमध्ये सापडलं. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकत्र दाबलेले असल्यामुळे तो पाणी आत घेत नाही, आणि आतून असतो चकचकीत चंदेरी. त्याच्या पट्ट्या गदेच्या मुठीवर गुंडाळल्या, पाकळ्या कापून मुकुटावर बसवल्या, तर वेगळी चमकी लागतच नाही. खळ त्यावर धरत नाही; दोऱ्याने शिवून घ्यावं लागतं.

तीन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. स्टेपलरची पिन कुठेही नको; कपाळाला आणि हनुवटीला तीच ओरखडते. तलवारीचं, बाणाचं टोक गोल कापून कापडाने मढवायचं. रंगवताना पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला रंग लावला तर तो वाळताना मुरडतो, म्हणून मागूनही पातळ हात द्यायचा.

टाकाऊतून खेळणी हा विषय महाराष्ट्रात नवा नाही. अरविंद गुप्तांनी पुण्यात 'आयुका'च्या विज्ञान केंद्रात काम करताना काड्या, बाटल्या, सायकलच्या नळ्या यांतून विज्ञान शिकवणारी खेळणी मुलांच्या हाती दिली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदीही आली. पण मला यात कचऱ्यापेक्षा मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. विकतचा मुकुट तुटला की मूल रडतं आणि मोठ्यांकडे नवा मागतं. स्वतः केलेला तुटला की ते खळ मागतं. आपली वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते, हा विश्वास कोणत्याही दुकानात मिळत नाही.

म्हणून यंदा पुठ्ठ्याच्या पेट्या घंटागाडीत टाकण्याआधी काही बाजूला ठेवा. कापायचं काम मोठ्यांनी करावं, बाकी सगळं मुलांना करू द्या. वाकडं झालं तरी हात लावू नका. आणि खेळून झाल्यावर शिवण उसवून टेट्रापॅक वेगळा काढा, पुठ्ठा कोरडाच सुक्या कचऱ्यात द्या. भिजलेला, खरकटं लागलेला पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाही.