वाइनरीत किंवा कृषी पर्यटनात इंटर्नशिप? ‘हो’ म्हणण्याआधी हा हिशोब मांडा



व्हिडिओत मी वाइनरी आणि कृषी पर्यटन केंद्रातल्या इंटर्नशिपबद्दल बोलले, पण पैशांचा भाग घाईत उरकला गेला. तोच इथे नीट लिहिते, कारण पोरं नेमकी तिथेच अडकतात.

आधी माझीच चूक सांगते. नाशिकला माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. शनिवार-रविवार काउंटर सांभाळणारा एक मुलगा होता, बीएस्सीला. जानेवारीच्या सीझनला त्याला एका वाइनरीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. “ताई, पाच हजारांची स्कॉलरशिप पण आहे,” म्हणाला. मी पेढे वाटले, त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. एकोणिसाव्या दिवशी तो काम सोडून परत आला. दोन महिने पूर्ण नाहीत, म्हणून सर्टिफिकेटही नाही.

आळशी होता का? अजिबात नाही. हिशोब चुकला होता. आणि लोकांना हिशोब शिकवणाऱ्या मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा रे, खर्च किती येईल?

त्याचा हिशोब असा होता

कॉट बेसिसवर खोली ३,००० रुपये, मेस ३,२०० आणि पेट्रोल १,८००. महिन्याला एकूण ८,०००. हातात येणार ५,०००. म्हणजे दर महिन्याला ३,००० चा खड्डा.

पण तो बुडाला या खड्ड्यामुळे नाही. खोलीचं डिपॉझिट ३,००० आधी द्यायचं होतं. १ जानेवारीला रुजू झाला आणि पहिला स्टायपेंड १० फेब्रुवारीला मिळणार होता. त्या चाळीस दिवसांचा खर्च साधारण १०,७०० रुपये. डिपॉझिट धरून १३,७०० रुपये खिशात असल्याशिवाय तो तिथे टिकूच शकत नव्हता. धंद्यात आपण याला खेळतं भांडवल म्हणतो. घरची द्राक्षं तेव्हा वेलीवरच होती, पैसा माल निघाल्यावर येणार. वडिलांकडे मागायची त्याला लाज वाटली.

स्कॉलरशिप वेगळी, स्टायपेंड वेगळा

स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती. ती बहुतेक वेळा तुमच्या कोर्ससाठी असते: फी, वसतिगृह, निर्वाह भत्ता. महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना या प्रकारातल्या. तिथेच डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. स्टायपेंड म्हणजे काम शिकत असतानाचं विद्यावेतन. ते काम देणारा देतो, कधी त्यात सरकारचा वाटा असतो.

‘वाइन इंटर्नशिप स्कॉलरशिप’ असं शोधत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. पैसा वेगवेगळ्या खिशांतून थोडा थोडा गोळा करावा लागतो. ते खिसे कोणते, ते बघू.

खिसा पहिला: अप्रेंटिसशिप

१९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली रीतसर करार झाला, तर किमान विद्यावेतन कायद्याने ठरलेलं असतं. २०१९ च्या नियमांत पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये महिना असा किमान आकडा होता. हे आकडे बदलतात, त्यामुळे पोर्टलवर ताजे बघून घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, भार केंद्र सरकार उचलतं.

अट लक्षात ठेवा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. म्हणजे मोठ्या वाइनरीला हे विचारता येईल. नवरा-बायको आणि एक गडी मिळून चालवतात त्या कृषी पर्यटन केंद्राला विचारून उपयोग नाही.

खिसा दुसरा: कॉलेज

बीएस्सी अ‍ॅग्रीच्या मुलांनो, तुमच्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेचा २०१५ चा ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम आहे. त्यात ग्रामीण कार्यानुभव आणि उद्योगातलं प्रशिक्षण दोन्ही येतं. त्यासाठी दरमहा ३,००० रुपये, जास्तीत जास्त सहा महिने, अशी तरतूद केलेली आहे. हा पैसा तुमच्या कॉलेजपर्यंत पोहोचतो का, हे ऑफिसात जाऊन विचारा. खाजगी कॉलेजवाल्यांनी तर आधी हेच विचारावं.

बीबीए, हॉटेल मॅनेजमेंट, टुरिझमवाल्यांना आता ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे क्रेडिट मिळतात. क्रेडिट म्हणजे पैसे नाहीत, पण कॉलेजचं पत्र असेल तर तुम्ही रीतसर विद्यार्थी म्हणून जाता, फुकटचा हेल्पर म्हणून नाही.

खिसा तिसरा: पदवीनंतरच्या योजना

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, थेट खात्यात. आकडा बघून लगेच उड्या मारू नका. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना नाही. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही, शिवाय ती देशातल्या ५०० बड्या कंपन्यांभोवती आखलेली आहे. शेवटच्या सेमिस्टरला असाल तर निकालानंतरसाठी या योजना लक्षात ठेवा. आत्ता त्यांच्या भरवशावर खोली घेऊ नका.

खिसा चौथा: राहणं आणि जेवण

हा सगळ्यात मोठा खिसा, आणि यालाच आपण पैसा समजत नाही. वरचा हिशोब परत बघा. ८,००० पैकी ६,२०० खोली आणि मेसचे होते. वाइनरीने स्टाफ क्वार्टरमध्ये एक कॉट आणि कँटीनचं जेवण दिलं असतं, तर २,००० च्या स्टायपेंडमध्येही तो मुलगा टिकला असता.

कृषी पर्यटनात तर हे सहज जमतं, कारण पाहुण्यांसाठी खोल्या आणि चूल दोन्ही तिथेच असतात. रोख ४,००० देताना केंद्रचालकाचा हात आखडेल, पण दोन वेळची भाकरी-भाजी आणि झोपायला जागा द्यायला तो सहसा नाही म्हणत नाही. म्हणून कमी स्टायपेंडचं पण राहण्या-जेवणासकटचं काम लगेच नाकारू नका. आधी बेरीज करा.

कॅलेंडर चुकलं तर सगळं चुकलं

युरोपात वाइनची द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निघतात, आपल्या नाशिककडे साधारण जानेवारी ते मार्च. वाइन बनताना बघायची तर हेच दिवस. त्यामुळे चौकशी दिवाळीच्या आधी सुरू झाली पाहिजे, डिसेंबरमध्ये नाही. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, विंचूरचा वाइन पार्क, तिकडे सांगली जिल्ह्यात पलूस, अशी यादी करा. कॉलेजच्या परीक्षेच्या तारखा शेजारी लिहून ठेवा.

कृषी पर्यटनाची गर्दी वेगळी असते: हुरड्याचा सीझन, पावसाळी वीकेंड, उन्हाळी सुट्टी. शनिवार-रविवार सुट्टी मिळणार नाही, हे आधीच मान्य करा.

काम काय शिकायला मिळेल?

हार्वेस्टमध्ये दिवस पहाटे सुरू होतो. द्राक्षं निवडणं, साखरेचा ब्रिक्स मोजणं, पंप-पाइप जोडणं, आणि भरपूर धुलाई. वाइनरीतलं अर्धं काम स्वच्छतेचं आहे, कमीपणा वाटून घेऊ नका. पण दोन महिने नुसते खोकेच उचलायला लावले तर ती इंटर्नशिप नाही, स्वस्त मजुरी आहे. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: फर्मेंटेशनमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जिवावर बेतू शकतो. कुणीही सांगितलं तरी टाकीत एकट्याने उतरायचं नाही.

पर्यटनाची बाजूही शिका. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून नाशिकला लोक वाइन विकत घ्यायलाच नाही, बघायलाही येतात. पाहुण्याला बाग समजावून सांगता येणं हे कौशल्य उद्या तुमच्या स्वतःच्या शेतावरही चालेल.

हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

१. स्टायपेंड किती, आणि पहिला कोणत्या तारखेला जमा होईल?
२. राहणं, जेवण, येणं-जाणं यातलं काय तुमच्याकडून?
३. अप्रेंटिसशिपचा करार होणार की फक्त इंटर्नशिपचं पत्र?
४. कोणत्या विभागात किती दिवस? शिकवणार कोण?
५. अपघात झाला तर विमा आहे का?
६. मध्येच सोडावं लागलं तर झालेल्या दिवसांचं पत्र मिळेल का?

उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्या. “सर, कॉलेजला जमा करायचंय,” असं म्हटलं की कुणाला राग येत नाही.

पुढच्या वर्षी त्याच मुलाच्या बहिणीला कृषी पर्यटन केंद्रात जायचं होतं. यावेळी आम्ही दुकानाच्या काउंटरवर बसून कागदावर आकडे मांडले. रोख फक्त २,५०० होते, पण राहणं-जेवण तिकडेच, आणि पहिल्या महिन्याचे निम्मे पैसे पंधराव्या दिवशी द्यायला चालक तयार झाला. फक्त विचारलं म्हणून. तिने पूर्ण दोन महिने काढले आणि सर्टिफिकेट घेऊनच परतली.

तुमच्या हातात ऑफर असेल तर आज एक कागद घ्या. डावीकडे येणारं, उजवीकडे जाणारं, आणि खाली एकच ओळ: पहिला रुपया येईपर्यंत मला किती लागतील? तो आकडा घरी मोकळेपणाने सांगा. लाज वाटू देऊ नका, धंद्यात भांडवल सगळ्यांनाच लागतं.