वाचलें पुष्कळ, उरलें किती?

परीक्षा जवळ आली कीं कॉलेजांतील विद्यार्थी तेंच पुस्तक पुनःपुन्हां वाचतो, ओळींखालीं रेघा ओढतो आणि अभ्यास झाला असें मानतो. हा समज खोटा आहे. अमेरिकेंत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील रोडिगर व कार्पिकी यांचा २००६ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. एकच उतारा कांहीं विद्यार्थ्यांनीं चार बैठकांत वाचला. कांहींनीं एक बैठक वाचून पुढील तीन बैठकांत, उतारा न पाहतां, आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारांची सरशी झाली. पण आठवड्यानें त्यांच्यापाशीं शेंकडा ४० उरलें, लिहिणारांपाशीं शेंकडा ६१.

व्यापारी रोज रात्रीं रोकडीचा मेळ घालतो. नुसत्या वह्या चाळून तूट उघडकीस येत नाहीं. विद्यार्थ्यानेंही प्रकरण संपतांच पुस्तक मिटावें, आठवेल तें लिहावें, चुकलेलें ताडून पाहावें आणि चार दिवसांनीं पुन्हां तसेंच करावें. ही पद्धत शिकविणें प्रोफेसरांचें कर्तव्य होय. तासाच्या आरंभीं मागील पाठावर दोन प्रश्न लिहावयास देण्यास खर्च तो काय? आईबापांनींही ‘किती वाचलेंस?’ असें न विचारतां ‘काय वाचलेंस तें सांग पाहूं’ असें विचारावें. फीच्या पैशांचें चीज व्हावयाचें तर तें याच वाटेनें होईल, असें आमचें स्पष्ट मत आहे.