चेहऱ्यामागचे नाव जपू या!

भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन या शूरांना मानवंदना दिली. पण त्या शूरांचे चेहरे कसे होते? ते आज कोणालाच सांगता येणार नाही. फोटोची कला जगासमोर आली ती १८३९ साली.

लवकरच ही कला मुंबईत पोचली. आपल्या जिल्ह्यातील अजिंठा-वेरूळचे रॉबर्ट गिल यांनी काढलेले फोटो १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाले. इंग्रज सरकारने माणसांचेही फोटो जमवले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांत चारशेहून अधिक फोटो आहेत. काही मोठ्यांची नावे त्यांत सापडतात. गोरगरिबांच्या फोटोखाली मात्र बहुधा जात किंवा जमातच लिहिलेली आहे. कोरेगावला नावे आहेत, चेहरे नाहीत. या ग्रंथात चेहरे आहेत, नावे नाहीत!

त्याच काळात अमेरिकेत काय घडत होते? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या देशात १८६१ ते १८६५ गुलामीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले होते. पातळ लोखंडी पत्र्यावर स्वस्तात फोटो निघू लागले होते. त्यामुळे शेतकरी, मजूर आणि लढाईवर निघालेले शिपाई फोटोवाल्यापुढे बसू लागले. एक फोटो घरी ठेवायचा आणि जायचे. परत येण्याची खात्री कोणाला होती?

गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी फोटोचे महत्त्व नेमके ओळखले. गोरे चित्रकार काळ्या माणसाची विटंबना करणारी चित्रे काढत. डग्लस उत्तम पोशाखात, ताठ मानेने फोटो काढून घेत. त्यांचे सुमारे १६० फोटो आज ज्ञात आहेत. सूट-बूट घातलेले बाबासाहेब आपल्या भिंतीवर का शोभतात, हे ज्याला कळते त्याला डग्लसही कळतील.

त्या युद्धातला एक फोटो आम्हाला विसरता येत नाही. गणवेशातला एक काळा शिपाई, शेजारी त्याची पत्नी आणि दोन लहान मुली. संपूर्ण कुटुंब सन्मानाने बसलेले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हा फोटो जपला आहे. पण कितीतरी दिवस त्याची नोंद ‘अनोळखी शिपाई’ अशीच होती. फोटो उरला, नाव कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

आपल्या घरांत वेगळे काय आहे? १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या गणवेशातले आजोबा कोणाच्या तरी पेटीत असतील. १९५० साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनात शिकलेल्या पहिल्या पिढीचे फोटो असतील. १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेली आजी असेल, नामांतराच्या लढ्यातले काका असतील. नातवाने विचारले, “हे कोण?” तर सांगणारे माणूस आज आहे. उद्या?

म्हणून भगिनींनो, येत्या रविवारी एवढे कराच. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. प्रत्येक फोटोमागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याची शाई पुढे उमटते. फोटो कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, भिंतीच्या ओलीपासून दूर. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट त्याची प्रत काढून घ्या.

आमच्या पूर्वजांना इतरांनी जात चिकटवली. त्यांचे नाव लिहिण्याचे काम मात्र आपले आहे. पेन्सिल लिहिता येणाऱ्या लेकीच्या हाती द्या.